झोपेत धावणारं कुत्रं

कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना एक प्रश्न सतत कानावर येतो. कुत्रा झोपेत पाय झाडतो, कण्हतो, दबक्या आवाजात भुंकतो. त्याला उठवायचं की नाही? विचारणाऱ्यांत कॅम्पातल्या बराकीत दोन-तीन पिढ्या काढलेली सिंधी कुटुंबं असतात, आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी करून गेटवरच्या कुत्र्यांना डब्यातली पोळी घालणारे रखवालदार असतात आणि बदलापूरच्या नव्या इमारतीत हौसेनं लॅब्रेडोर आणलेली तरुण जोडपीही असतात. बहुतेकांनी मनाशी उत्तर ठरवलेलं असतं: बिचाऱ्याला वाईट स्वप्न पडतंय, जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवावा, हलवून जागं करावं. माझं मत नेमकं उलट आहे. स्वप्नातल्या कुत्र्याला उठवू नये. आणि काही कारणानं उठवावंच लागलं तर आवाजानं उठवावं, हातानं कधीच नाही. ऐकायला हे जरा निर्दय वाटतं. पण या प्रश्नाशी रोज गाठ पडली की लक्षात येतं, यातली खरी दया हात आवरण्यातच आहे.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कुत्रा कुशीवर आडवा होतो. सुरुवातीला श्वास संथ, एकसारखा चालतो. छाती ठरावीक लयीत वर-खाली होते आणि लांबून रिक्षा गेली तर कान अजूनही तिकडे वळतो. थोड्या वेळानं, मोठ्या कुत्र्यात साधारण पंधरा-वीस मिनिटांत, ती लय मोडते. दोन-तीन भराभर श्वास, मग थांबल्यासारखं, मग पुन्हा उथळ श्वास. पापण्या पुरत्या मिटलेल्या नसतात. त्यांच्या फटीतून आतली तिसरी पापणी दिसते आणि बुबुळं इकडून तिकडे सरकत असल्याचं पापणीवरून कळतं. मिशा थरथरतात, वरचा ओठ उचलल्यासारखा होतो, पायाच्या बोटांना बारीक झटके बसतात. मग पंजे मनगटातून दुमडायला लागतात. पळण्याची ती हालचाल असते, पण अर्धवट, पाय पुरता न उचलता केलेली. तोंड मिटलेलंच असतं. आतल्या आत भुंकल्यामुळे गाल फुगतात आणि बाहेर येतो तो ‘वुफ’ असा चेपलेला आवाज. एखादं कुंईकुंई, शेपटीचा एखादा फटका, आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं ओसरतं. कुत्रा लांब श्वास सोडतो, कूस बदलतो किंवा क्षणभर मान उचलून पुन्हा टेकवतो. पिल्लांमध्ये हेच फार जास्त दिसतं. आईला बिलगून झोपलेलं पंधरा दिवसांचं पिल्लू जवळपास सतत कुठेतरी उडत असतं आणि त्यात काळजीचं काही नसतं.

हे शरीर असं का वागतं, याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापासून हळूहळू हाती येत गेलं. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांचे डोळे मधूनमधून वेगानं फिरतात असं दाखवलं, आणि त्या वेळी उठवलेली माणसं स्वप्न पडत असल्याचं सांगतात हेही नोंदवलं. या टप्प्याला आरईएम झोप म्हणतात. पुढे फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग केले. या झोपेत मेंदू जागेपणाइतकाच गडबडीत असतो, पण मेंदूच्या बुंध्यातला एक भाग स्नायूंना ब्रेक लावून ठेवतो. तो भाग निकामी केला तेव्हा मांजरं झोपेतच उठून दबा धरू लागली, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. आपल्या कुत्र्याचे दुमडणारे पंजे आणि चेपलेलं भुंकणं म्हणजे त्या ब्रेकमधून निसटलेली थोडीशी हालचाल. पाय पुरता उचलला जात नाही, कारण ब्रेक शाबूत आहे. लोक ज्याला तडफड समजतात ती पुष्कळदा शरीराची व्यवस्था नीट चालू असल्याची खूण असते.

इथे विचारी माणूस पहिला आक्षेप घेतो: कुत्र्याला स्वप्न पडतं हे तुम्हाला कसं कळलं? तो सांगत तर नाही. आक्षेप रास्त आहे. चार्ल्स डार्विन यांनी 1871 मध्येच झोपेतल्या हालचाली आणि आवाजांवरून कुत्र्या-घोड्यांनाही स्वप्नं पडत असावीत असं लिहिलं होतं, पण तो तर्क होता. जास्त ठोस पुरावा उंदरांकडून आला. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत केन्वे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांना गोल मार्गावर खाऊसाठी धावायला लावलं आणि त्या वेळी मेंदूतल्या स्मृतीच्या भागातल्या पेशी कोणत्या क्रमानं चेततात ते टिपलं. नंतर आरईएम झोपेत तोच क्रम पुन्हा उमटला, आणि तो इतका तंतोतंत होता की जागेपणी असता तर उंदीर मार्गावर नेमका कुठे असता हे सांगता येत होतं. कुत्र्यांवर असा प्रयोग झालेला नसला तरी त्यांच्या मेंदूचा हा भाग आणि झोपेचे टप्पे याच जातीचे आहेत. म्हणून दिवसभरातलं काहीतरी ते झोपेत पुन्हा अनुभवतात असं मानायला सबळ आधार आहे. नेमकं काय अनुभवतात, हे मात्र पायांच्या हालचालीवरून ठरवता येत नाही. पळणारे पंजे मांजरामागे धावत असतील, नाहीतर कुणाच्या काठीपासून दूर पळत असतील. म्हणूनच ‘वाईट स्वप्न पडतंय’ हे जे आपण छातीठोकपणे म्हणतो त्याला आधार नाही, आणि उठवण्याचा सगळा आग्रह तर त्याच एका समजुतीवर उभा असतो.

दुसरा आक्षेप आपल्या जुन्या समजुतीतून येतो. कुत्र्याची झोप मुळातच सावध, श्वाननिद्रा हा विद्यार्थ्याचा गुण म्हणून शिकवला गेलेला. मग जो प्राणी अर्धा जागाच असतो त्याला उठवल्यानं काय बिघडणार? समजूत खोटी नाही, अपुरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जी. जे. अ‍ॅडम्स आणि के. जी. जॉन्सन यांनी शहरातल्या पाळीव कुत्र्यांच्या रात्रींचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कुत्री सरासरी 16 मिनिटं झोपत आणि 5 मिनिटं जागी राहत, असं चक्र रात्रभर चाले. म्हणजे झोप तुकड्यातुकड्यांची आहे हे खरं. पण म्हणूनच प्रत्येक तुकड्याची किंमत जास्त. स्वप्नाचा टप्पा तुकड्याच्या शेवटी, काही मिनिटांपुरता येतो. तेवढ्यात हलवून उठवलं की तो तुकडा वाया गेला आणि पुढचा पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय आपल्या सावध प्राण्याचं सावधपण याच टप्प्यात सगळ्यात कमी असतं. मघाशी रिक्षाच्या आवाजाला वळलेला कान आता वळत नाही.

या झोपेचा कुत्र्याला उपयोग काय, यावर बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी सुंदर काम केलं आहे. डोक्याला वेदना न होणारे इलेक्ट्रोड चिकटवून, मालक शेजारी बसलेला असताना, कुत्र्यांच्या झोपेचा आलेख त्यांनी काढला. 2017 च्या त्यांच्या एका अभ्यासात कुत्र्यांना ‘बस’ आणि ‘झोप’ या ओळखीच्या आज्ञा अनोळखी भाषेतल्या शब्दांनी शिकवल्या गेल्या. शिकल्यानंतरच्या झोपेत मेंदूच्या लहरी बदललेल्या दिसल्या आणि झोप झाल्यावर कुत्री आज्ञा अधिक चांगल्या पाळू लागली. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात, ताणाचा अनुभव दिल्यानंतर कुत्री लवकर झोपी गेली आणि त्यांच्या झोपेची घडणही बदलली. जी झोप शिकलेलं पक्कं करते आणि बसलेला ताण पचवते तिच्यात ढवळाढवळ करायला तसंच मोठं कारण हवं. आपल्याकडे तर झोप आधीच महाग आहे. उल्हासनगरच्या दाटीत जीन्सच्या कारखान्यांची यंत्रं, फर्निचर बाजारातलं रंधणं आणि ठोकाठोकी. अंबरनाथ-बदलापुरात बांधकामांचे मिक्सर. सणावाराला डीजे आणि दिवाळीत फटाके. कुत्र्याला जी काही गाढ झोप मिळते ती या सगळ्यातून उरलेली असते.

पण वाईट स्वप्नाचं काय? हा आक्षेप मायेतून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. लोक म्हणतात, लेकरू झोपेत रडलं तर आपण त्याला उठवून जवळ घेतोच ना. घेतो, पण लेकराला ‘स्वप्न होतं रे, काही नाही’ असं सांगता येतं आणि ते समजतं. कुत्र्याला हे सांगायची सोय नाही. तो जर खरंच कुणापासून पळत असेल, तर डोळे उघडताना त्याला सापडतो अंगावर वाकलेला एक आकार आणि मानेवर पडलेला एक हात. त्या क्षणी तो हात स्वप्नातल्या पाठलागाचाच भाग होतो. उलट हात न लावता थांबलं तर मिनिटभरात स्वप्न आपोआप विरतं आणि कुत्रा त्याच्या ओळखीच्या गोधडीवर, ओळखीच्या वासात जागा होतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, पूर्वी मार खाल्लेल्या कुत्र्यांच्या बाबतीत ही माया जास्तच उतू जाते. मी म्हणेन की नेमक्या त्याच कुत्र्यांना झोपेत हात लावणं जास्त धोक्याचं, कारण अंधारातून येणाऱ्या हाताचा त्यांचा अनुभव चांगला नसतो. त्यांना धीर द्यायचा तर जागेपणी द्यावा: ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेली जागा, न ओरडणारं घर.

हाताबद्दल इतका आग्रह का? दचकून उठलेला कुत्रा आधी चावतो आणि मग ओळखतो. यात राग नसतो, बेइमानी नसते. गाढ झोपेतून ओढून बाहेर काढलेल्या शरीराची ती प्रतिक्रिया असते. ‘आमचा कधीच चावत नाही’ हे वाक्य जागेपणीच्या कुत्र्याबद्दल खरं असतं. चेहऱ्यावर चावा बसतो तो बहुधा लहान मुलांच्या, कारण मूल झोपलेल्या कुत्र्यावर पूर्ण वाकतं आणि गळ्यात हात टाकतं. यात आपल्या पट्ट्याची एक खास अडचण आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटर. त्यामुळे इथली घरं मुंबईच्या आधी जागी होतात. कुणी पहाटेची लोकल गाठायला निघतं, कुणी रात्रपाळीहून परततं. वन रूम किचनमध्ये कुत्रा झोपतो तो दाराशी नाहीतर मोरीकडे जाणाऱ्या वाटेत, मुलांच्या गाद्यांना लागून. दिवा न लावता, कुणाची झोपमोड नको म्हणून, अंधारात माणूस चालतो आणि पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडतो. असे चावे टाळायला शिकवणीची गरज नाही, जागा बदलायची गरज आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटचा. स्वप्न समजून आम्ही बघत बसलो आणि ती फिट निघाली तर? ही भीती खरी आहे, कारण अपस्माराचे झटके कुत्र्यांना बरेचदा विसावलेले असताना किंवा झोपेतच येतात. पण दोन्हींत फरक आहे आणि तो घरातल्या माणसाला शिकता येतो. स्वप्नातल्या हालचाली बारीक, अनियमित, सुटसुटीत असतात. अंग मऊ असतं. फिटमध्ये अंग लाकडासारखं ताठतं, मान मागे जाते, चारही पाय जोरानं आणि एका तालात मारले जातात, जबडा आवळला जातो, लाळ-फेस येतो, पुष्कळदा लघवी किंवा शी होते. डोळे सताड उघडे असतात पण बघत नसतात. नावानं हाक मारली तर स्वप्नातला कुत्रा मान उचलतो आणि तुम्हाला लगेच ओळखतो. फिटमधला कुत्रा हाकेनं थांबत नाही, आणि थांबल्यावरही बराच वेळ भांबावलेला, भिंतीला धडकत फिरतो. म्हणजे शंका असेल तेव्हाही उपाय हाकच. हातानं हलवल्यानं फिट थांबत नाही. उलट आवळणाऱ्या जबड्यात बोट सापडतं. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, पाणी पाजणं हे सगळं बंद करावं. आजूबाजूचं सामान सरकवावं, पंखा लावावा, घड्याळ बघावं आणि मोबाइलवर चित्रीकरण करावं. दवाखान्यात आणेपर्यंत कुत्रा शेपटी हलवत उभा असतो आणि तोंडी वर्णनावरून निदान अडतं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ते काम करून टाकतो. पाच मिनिटांहून जास्त चाललेली, किंवा शुद्धीवर न येता पुन्हापुन्हा येणारी फिट म्हणजे तातडीची वेळ. तेव्हा परळचं बैलघोडा हॉस्पिटल कितीही नावाजलेलं असलं तरी साठेक किलोमीटरच्या प्रवासाला निघू नये, जवळचा पशुवैद्य गाठावा.

आणखी दोन गोष्टी स्वप्नात गणल्या जातात, त्या वेगळ्या. एक डिस्टेंपर. लस न दिलेल्या कुत्र्यांत, विशेषतः रस्त्यावरच्या पिल्लांत, हा आजार आपल्याकडे दिसत राहतो आणि त्यातून वाचलेल्यांच्या एखाद्या पायाला, जबड्याला किंवा डोक्याच्या वरच्या स्नायूंना ठरावीक तालात झटके बसत राहतात. ते जागेपणीही चालू असतात, झोपेतही. स्वप्न जागं झाल्याबरोबर संपतं. हे संपत नाही. दुसरी गोष्ट विरळ. काही कुत्र्यांत तो मघाचा ब्रेकच नीट लागत नाही आणि ती झोपेत उठून भिंतीवर आदळतात, गादी फाडतात, हल्ला केल्यासारखी झेपावतात. 2011 मध्ये अशा 14 कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांत त्रास वयाच्या पहिल्या वर्षातच सुरू झाला होता आणि बहुतेकांना पोटॅशियम ब्रोमाइडनं आराम पडला. कुत्रा झोपेत स्वतःला किंवा दुसऱ्याला जखमी करत असेल तर ते स्वप्न म्हणून सोडून देऊ नये. मात्र उपाय तिथेही औषधाचा आहे, रात्रभर जागून त्याला हलवत राहण्याचा नाही.

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे वळायलाच हवं, कारण या तीन गावांत झोपलेला कुत्रा म्हटलं की आधी तेच डोळ्यांसमोर येतात: जीन्सच्या कतरणीच्या ढिगावर, फलाटावरच्या बाकाखाली, उभ्या रिक्षाच्या सावलीत. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटानं भारतीय रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा दिनक्रम अभ्यासला आहे आणि ती दिवसाचा मोठा भाग नुसती पडून असतात असं त्यांना आढळलं. त्यांचं झोपेतलं कण्हणं आपल्याकडे अपशकुनात जमा होतं. कुत्रं रडलं की कुणीतरी जाणार, म्हणून वरच्या मजल्यावरून पाणी ओततात, दगड भिरकावतात. झोपेतलं कण्हणं कुणाच्या मरणाची वर्दी देत नाही. दगडानं उठवलेला कुत्रा मात्र समोर जो पहिला येईल त्याच्यावर धावून जातो, आणि तो पहिला बहुधा दगड मारणारा नसतो, शाळेतून येणारं पोर असतं. ही कुत्री कुठे असावीत, हा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि त्यावर मतं टोकाची आहेत. ती आहेत तोवर त्यांच्या शेजारून कसं जावं, याबद्दल दुमत व्हायचं कारण नाही. जिन्यात कुत्रा झोपला असेल तर चार पायऱ्या अलीकडे थांबावं, बोलावं, पायानं जमिनीवर आवाज करावा, त्यानं मान उचलून आपल्याकडे पाहिलं की मग पुढे जावं. ओलांडून जाऊ नये. घरातला म्हातारा कुत्रा बहिरा झाला असेल तर त्यालाही हीच रीत: लांबून फरशीवर पाय आपटावा, कंपनांनी तो जागा होतो.

एवढं करूनही चावा बसलाच, तर तो घरच्या कुत्र्याचा आहे, झोपेत चावला, मुद्दाम नाही, म्हणून सोडून देऊ नये. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारावं, आणि कातडीत टोचायच्या लसीचे 0, 3, 7 आणि 28 या दिवसांचे डोस एकही न चुकवता पुरे करावेत. कुत्र्याच्या लसीचं कार्ड सोबत न्यावं. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा: तुमच्या कुत्र्याची गोधडी दाराच्या आणि मोरीच्या वाटेतून उचलून भिंतीकडच्या कोपऱ्यात घाला, आणि त्या कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला कुणीही हात लावायचा नाही, फक्त नावानं हाक मारायची, हे घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.